अण्णांची घरगाडी आणि माझं कन्नड

माझ्या हातून एक अख्खं घर तळ्यात गेलं आहे. भांडीकुंडी, गाद्या, खिडक्यांचे पडदे, देवाची तसबीर, सगळ्यासकट. कारण एवढंच, की मला कन्नड येतं असा माझा समज होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ह्यांची बदली नाशिकहून बंगळूरला झाली आणि चामराजपेटेत एका जुन्या मराठी कुटुंबाच्या घरी आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागलो. घरमालक अण्णा. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत बरंचसं कन्नड होतं आणि माझ्या कन्नडात सगळंच मराठी. भाजीवाल्याला 'एष्टु' म्हणून भाव विचारायचा, महाग वाटलं तर 'बेडा' म्हणून मान फिरवायची आणि काही कळलं नाही की 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणायचं, एवढ्या भांडवलावर मी माहेरी 'कन्नड आता अगदी सहज बोलते' असं कळवत होते.

अण्णांनी स्वतःच्या हातांनी एक घरगाडी बांधली होती. जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांची. आत झोपायच्या फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, एवढीशी मोरी. आम्हा दोघांनाही बरोबर घेऊन काढलेली तंजावरची सहल संपवून परतताना सर्जापूरजवळच्या एका तळ्याच्या उतारावर ती जीपपासून सोडवून हातानं वळवायची होती. गाडीला बांधलेल्या दोराचा वेढा अण्णांनी नारळाच्या बुंध्याला घातला, टोक माझ्या हातात दिलं आणि ते नि हे गाडीला खांदा लावायला गेले. गाडी जरा हलली. अण्णा ओरडले, "बिडबेडी! बिडबेडी!"

घाई झाली की अण्णांची मराठी पळून जायची. 'बिडबेडी' म्हणजे 'सोडू नका'. मला ऐकू आलं, बिडी, बिडी! सबंध सहलीत अण्णांना मी बिडी ओढताना पाहिलं नव्हतं. तरी वाटलं, दमलेत, आली असेल तल्लफ. बांधावर एक शेतकरी बिडी ओढत बसला होता. मी दोर सोडला आणि 'सरी, सरी' म्हणत त्याच्याकडे धावले.

बिडी घेऊन मागे वळले, तर घर निघालेलं होतं. नाचणीच्या शेतातून डुलत डुलत, अगदी सावकाश, एखाद्या लठ्ठ पाहुण्यासारखं ते तळ्यात उतरलं. पुढे दोन पुरुष तोंडं उघडी टाकून उभे आणि मागे मी, हातात पेटवलेली बिडी. त्या भल्या शेतकऱ्यानं पेटवूनच दिली होती.

आता तुम्ही म्हणाल, अण्णा रागावले असतील. अण्णा रागावणाऱ्यातले असते तर त्यांच्यावर लिहायला मी बसलेच नसते.

मार्केटजवळ त्यांचा बसच्या बॉड्या बांधायचा लहानसा कारखाना होता. मोडीत निघालेल्या बसमधून जे हाती लागलं त्यातून घरगाडी उभी राहिली. खिडक्या बसच्या, घंटेची दोरी बसची आणि ओट्यासमोरचं बाकही बसचंच. त्या बाकाच्या वरच्या पत्र्यावर 'स्त्रियांसाठी' अशी कन्नड अक्षरं तशीच राहिली होती. अण्णा त्या बाकावर कधीही बसले नाहीत. जेवायची वेळ झाली की ताट घेऊन पायरीवर. आमचे हे एकदा बाकावर टेकले, तर अण्णा गंभीरपणे म्हणाले, "उठा हो. चेकर आला तर माझी अब्रू जाईल."

गाडी हाकण्यात त्यांना एक गोष्ट जन्मात जमली नाही. मागे घेणं. घरगाडी जोडलेली असली की जीप एकीकडे आणि गाडी भलतीकडे. "मागं जायचं काम आपल्याला नाही जमत बगा," ते सांगायचे, "पुढं स्वल्प गेलं की वळायला जागा मिळते." हे 'स्वल्प' फार फसवं. कुंभकोणमला देवळाचा रस्ता चुकला, तेव्हा वळायला जागा शोधत आम्ही दुसऱ्याच गावच्या गुरांच्या बाजारात पोचलो आणि देऊळ राहिलं ते राहिलंच. चामराजपेटेतल्या घरी तर घरगाडी अंगणात शिरवायची म्हणजे सोहळा. तिघे भाऊ, पुतणे, समोरचा सोडावाला, सगळे ढकलायला आणि अण्णा पुढे उभे राहून हातवारे करणार.

पण मला सगळ्यात गंमत वाटायची ती निराळ्याच गोष्टीची. कुठेही मुक्काम पडला, की अण्णा चाकाखाली दगड लावायचे, हातपाय धुवायचे आणि घरगाडीच्या बंद दारावर टकटक करायचे. "येऊ काय आत?" आतून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, आवाज यायचा, "या." मगच ते पायरी चढायचे. रोज. मी तर ह्यांच्या कानाशी लागून म्हटलंसुद्धा, "बघा, नाटकात असायला हवे होते." माझी अक्कल तेवढीच.

अक्का फार बोलायच्या नाहीत. एकदा नागपट्टणमला समुद्राकाठी त्या ओट्याशी कॉफी करत होत्या आणि मी 'स्त्रियांसाठी'वर मांडी घालून बसले होते. त्यांनी न बघता हात मागे नेला, साखरेची डबी काढली आणि स्वतःशीच हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथं मी ठेवलेली डबी मी ठेवली तिथंच सापडते की," त्या म्हणाल्या.

मग बोलता बोलता कळलं. सोळाव्या वर्षी त्या लग्न होऊन त्या घरात आल्या. तेव्हा स्वयंपाकघर सासूचं होतं. सासू गेल्यावर ते अण्णांच्या आत्याबाईंचं झालं आणि आत्याबाई गेल्यावर जावांचं, कारण तोवर जावांना मुलं झाली होती आणि अक्कांना झाली नव्हती. मूल नसलेल्या बाईला शेगडीचा कोपरा कशाला लागतो, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण डबे मात्र रोज हलत राहिले. लग्नानंतर केव्हातरी त्यांनी अण्णांना विचारलं होतं, एक खोली घेऊन वेगळं राहू या का. वडील गेलेले, पाठचे भाऊ शिकत होते. अण्णा म्हणाले, थोरल्यानं घर सोडायचं नसतं. पुन्हा तो विषय निघाला नाही. बऱ्याच वर्षांनी एक दिवस कारखान्यात एका मोडक्या बसचा पत्रा कापताना अण्णांना सुचलं, की आपल्याला घर सोडता येत नाही, पण वर्षातून पंधरा दिवस घर घेऊन तर जाता येईल! ती ही घरगाडी. अण्णा दारावर टकटक का करायचे ते मला त्या दिवशी कळलं आणि नाटकाबद्दल बोललेलं आठवून कान गरम झाले.

त्यातून ही सहल शेवटची होती. अंगणात पुतण्याच्या संसारासाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. घरगाडीला जागा उरणार नव्हती. कोरमंगलाचा एक तरुण ती घेऊन त्यात चाटचं दुकान थाटणार होता. आम्ही परतलो की दुसऱ्याच दिवशी तो न्यायला येणार, असं ठरलं होतं. अक्कांनी हे ऐकून घेतलं होतं. त्या काय म्हणाल्या, असं मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "काय म्हणणार? सरी म्हणाली."

तर परतीच्या वाटेवर होसूर ओलांडलं, अत्तिबेले आलं. आता बंगळूर हाकेवर. माझ्या डोळ्यांपुढे घरचा नळ, घरची गादी, बंद ठेवलेला दुधाचा रतीब. आणि अण्णांनी जीप सर्जापूरच्या बाजूला वळवली. "इंजिन तापलंय," म्हणाले. तळ्याकाठी मुक्काम. दुसऱ्या दिवशी म्हणाले, टायर नरम वाटतोय. तिसऱ्या दिवशी तर सकाळी उठून, इथल्या तळ्यात बदकं येतात म्हणे, बघून जाऊ. बदक एकही नव्हतं. मी वैतागले. आज नातवंडं मला हट्टी म्हणतात, त्यांनी तेव्हाची मी पाहायला हवी होती. पाय आपटत गेले आणि विचारलं, "अण्णा, आता तरी निघायचं ना? घर काय पळून जातंय का?"

अण्णा तळ्याकडे बघत होते. "निघू की, बाई. निघायलाच पाहिजे," म्हणाले. "थोरला आहे मी."

ओट्याशी अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आणि मग गाडी वळवायला म्हणून अण्णांनी तो दोर माझ्या हातात दिला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. नशीब, की तेवढ्यात अक्का तांदूळ धुवायला बाहेर आल्या होत्या.

मी बांधावर बसून मोठ्यानं रडले. अक्का मात्र चपला काढून चिखलात शिरल्या, दार उघडून आत डोकावल्या आणि परत आल्या. "पाणी पायरीपर्यंतच आहे. रडू नको गं," म्हणाल्या. ज्यानं मला बिडी दिली त्याचीच ती नाचणी होती. गौडा म्हणत त्याला. त्यानं बैल आणले, गावातले चारजण आणले आणि दिवस मावळायच्या आत गाडी ओढून आपल्या आंब्याखाली उभी केली. एक चाक तिरकं झालं होतं, मधला आस वाकला होता. गाडी हलण्यासारखी नव्हती.

"आस सरळ करता येईल ना अण्णा?" ह्यांनी विचारलं.

"येईल की. त्यात काय आहे!"

"मग उद्या सकाळी करून टाकू या."

"स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले आणि त्या वाकलेल्या आसाकडे, न मागताच कुणी काही देऊन गेलं असावं तसे, बघत राहिले.

सकाळी उठून पाहते तर अण्णा बांधावरून दगड आणत होते. चपटे, मोठे. गाडीच्या चारी कोपऱ्यांखाली ते एकावर एक रचत होते. अक्का बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दार पूर्वेकडं येऊ दे."

अण्णा दगड हातात घेऊन तसेच थांबले. "पूर्वेकडं काय?"

"हो. सकाळचं ऊन ओट्यावर पडेल."

"अहो, एका दिवसासाठी पूर्व-पश्चिम काय करायचीय?" मी म्हटलं. ह्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की डाग आठवडाभर होता. अण्णांनी हातातला दगड खाली ठेवला, रचलेले दगड एकेक करून काढले आणि गौडाला हाक मारली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून, बैलांसकट, ते घर पूर्वेला वळवलं. ह्या वेळी दोर धरायला मला कुणी सांगितलं नाही.

ती दोघं पुढे तिथंच राहिली. गौडानं जागा दिली, अण्णांनी त्याच्या विहिरीच्या पंपापासून बैलगाडीपर्यंत सगळं दुरुस्त करून दिलं. भाऊ समजूत घालायला आले, तेव्हा मीही बरोबर होते. धाकटा तावातावानं दाराकडे निघाला, तर अण्णा पायरीवरून म्हणाले, "टकटक कर आधी. घर तिचं आहे." त्यानं केली. अक्कांनी 'या' म्हटलं आणि सगळ्यांना कॉफी दिली. सणासुदीला अण्णा चामराजपेटेत जायचे, थोरल्याच्या मानानं पूजा करायचे आणि जेवून संध्याकाळच्या बसनं परत. काही वर्षांनी ते त्याच आंब्याखाली, खाटेवर दुपारची झोप घेताना गेले. आम्ही तोवर बदली होऊन परत नाशिकला आलो होतो. आता माझी नात सर्जापूर रोडला अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून मी तळं शोधते. ती म्हणते, "आजी, इथे कुठलं तळं?" मला तरी कुठे नक्की सांगता येतंय! पण कुणाच्याही घरी गेले, उघडं दार असलं, तरी मी टकटक केल्याशिवाय आत जात नाही. स्वतःच्या सुनेच्या स्वयंपाकघरातसुद्धा. ती मला जरा चक्रम समजते.

त्या दिवशी घर पूर्वेला वळवून झाल्यावर आमची दोघांची निघायची वेळ झाली. ह्यांची रजा संपली होती. अण्णा आणि अक्का बसथांब्यापर्यंत पोचवायला आले. अण्णा भलतेच खुशीत होते.

"त्या चाटवाल्याला सांगा बाई, गाडी तळ्यात गेली म्हणून. खोटं नाही की ते!"

बस दिसायला लागली. चामराजपेटेतलं ते घर, तीन भाऊ, जावा, सगळे जेवायला वाट बघत असणार.

"चाटवाल्याचं ठीक आहे," मी म्हटलं, "पण घरी काय सांगू, अण्णा?"

चिखलानं भरलेल्या चपलेनं अण्णांनी रस्त्यावरचा खडा सरकवला, पुन्हा सरकवला. बस थांबली. अक्कांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या,

"सांग की, आम्ही घरी पोचलो म्हणून."