बकुळीचं वर्तुळ

आमच्या सोसायटीच्या बागेतला बाक भर उन्हात आहे. शेजारी कमरेएवढी बकुळ आहे, पण तिची सावली अजून तिलाच पुरत नाही. गेल्या आठवड्यात माळीकाम करणारे दगडूमामा म्हणाले, ‘‘सर, बाक भिंतीकडे सरकवू का? मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण इथं चुकल्याच बघा.’’

मॅडम म्हणजे माझी पत्नी. बागांचे आराखडे काढणं हे तिचं काम, आणि ही तिची शेवटची बाग. ती गेली त्याला आता वर्ष होईल. ती चुकली हे ऐकवेना, म्हणून घरी जाऊन आराखडा घेऊन आलो.

कागदावर बकुळीचं भलंमोठं वर्तुळ होतं आणि बाक त्या वर्तुळाच्या आत होता. ती ते काढत असताना मी हसलो होतो, ‘‘रोप वीतभर आणि वर्तुळ केवढं!’’ मान वर न करता ती म्हणाली होती, ‘‘झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं होईल, तेवढं काढायचं असतं.’’ तेव्हा तिचे उपचार चालू होते. आपल्याला किती दिवस उरलेत, हे तिला ठाऊक होतं. तरी वर्तुळ काढताना तिनं हात आखडता घेतला नव्हता.

दगडूमामांनी त्या रेषेवरून सावकाश बोट फिरवलं. ‘‘म्हणजे सावली यायचीय अजून. तोवर छत्री आणत जा, सर.’’

बाक तिथंच आहे. मी रोज छत्री घेऊन जातो, बकुळीला तांब्याभर पाणी घालतो आणि तिनं माझ्यासाठी धरून ठेवलेल्या जागेवर बसतो.