शाळेची पालखी

चौथीत असताना मी शाळेत चालत गेल्याचं फारसं आठवत नाही. बहुतेक वेळा मला उचलून नेलं जायचं. सातवीची चार दांडगी पोरं यायची. दोघं हात धरायची, दोघं पाय, आणि माझी आभाळाकडे तोंड करून वरात निघायची. साक्रीकडच्या आमच्या गावात याला उचलबांगडी म्हणत, आणि ती काही माझ्यासाठी नव्याने काढलेली नव्हती. माझ्या बापालाही लहानपणी अशीच पोरं उचलून न्यायची. जे पोर शाळेला नाही म्हणेल त्याच्या घरी गुरुजी ही फौज पाठवायचे, आणि घरचे म्हणायचे, बरं झालं.

"चालनी रे चालनी, पालखी चालनी!" पोरं ओरडायची. पारावरचे म्हातारे हसायचे. माझा फ्रॉक वर सरकायचा आणि तो खाली ओढायला एकही हात मोकळा नसायचा. एकदा मी एकाच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावले. त्याने हात सोडला आणि माझं डोकं नळाच्या चौथऱ्यावर आपटलं. उरलेल्या तिघांनी मला तशीच फरफटत नेलं. वर्गात गुरुजींनी विचारलं, "शाळा आवडत नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता छडी मारली. असं विचारून छडी हाणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

शाळा मला आवडायची. पाढे तोंडपाठ होते, अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं होतं. मला फक्त घर सोडता येत नव्हतं.

कारण सरळ होतं. बाप मायला मारायचा, आणि मी घरात असले की कमी मारायचा. तेव्हा मी त्याला आबा म्हणायचे. आता बाप म्हणते, तेवढंही पुष्कळ आहे. मी समोर असले तर दोन थोबाडीत, एखादी लाथ, एवढ्यावर भागायचं. मी मध्ये पडले तर अर्धा मार माझ्या अंगावर यायचा, म्हणजे तिचा तेवढा वाचायचा. पण मी शाळेत गेले की तो दाराला आतून कडी घालायचा. तिसरीच्या शेवटी एकदा मी घरी आले तर माय चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिचा एक डोळा उघडतच नव्हता आणि खाटेखाली बांगड्यांच्या काचा पडल्या होत्या. बैल हाकायची काठी मोडून कोपऱ्यात टाकलेली होती. काठी मोडेपर्यंत तो थांबला नव्हता, आणि त्या वेळी मी पटांगणात लंगडी खेळत होते.

त्यानंतर मी ठरवलं, घर सोडायचं नाही.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. मायनेच शपथ घातली होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणायची. मला त्या म्हणीचा आजही संताप येतो. झाकलेल्या मुठीत तिचे तुटलेले दात होते.

मग मी म्हणायला लागले, पोट दुखतं. ते खोटंही नव्हतं. सकाळी शाळेची घंटा झाली की बेंबीच्या वर पीळ पडायचा आणि खाल्लेलं बाहेर यायचं. डॉक्टरांनी सुई टोचली, गोळ्या दिल्या. पीळ काही सुटला नाही. शेवटी मोठी माय, म्हणजे काकाकडे राहणारी बापाची आई, म्हणाली, पोरीला डाग द्यायला पाहिजे. आमच्याकडे पोरांचं पोट दुखलं की तापलेल्या लोखंडाचा चटका देतात. शेजारच्या गावात एक म्हातारा ते काम करायचा. त्याने विळ्याचं टोक निखाऱ्यात धरलं. बाप हात धरायला पुढे झाला, मोठी माय पाय धरायला.

"धरू नका," मी म्हणाले, आणि आपणच फ्रॉक वर करून आडवी झाले. म्हातारा म्हणाला, एवढी धीट पोर मी बघितली नाही.

धीट कसली! चामडी जळाल्याचा वास आला तेव्हा मी दात ओठात रुतवून घेतले आणि मनात एकच होतं, आता जखम चिघळली पाहिजे. जखम चिघळली तर मला उचलता येणार नाही. ती भरायला लागली की मी नखाने खपली काढायचे. घरातल्या कोणीही एका गोष्टीचा विचार केला नाही, की जी पोर शाळेला जाण्यापेक्षा विळ्याचा चटका पत्करते, तिला नेमकं काय दुखत असेल.

जखम भरली आणि पालखी पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात गुरुजींची बदली झाली आणि साक्रीहून स्कूटीवर येणाऱ्या एक बाई आल्या. त्यांच्या पहिल्याच दिवशी मी फाटकातून उलटी लटकत आत आले. बाई धावत आल्या. "खाली ठेवा तिला! जनावर आहे का ते?" मग सगळ्या शाळेसमोर त्यांनी त्या चौघांना सांगितलं, "यापुढे या शाळेत कोणीही कोणाला उचलायचं नाही." माझे गुडघे त्यांनी स्वतः धुतले. माझा फ्रॉक नीट करताना त्यांना पोटावरचा डाग दिसला.

शाळेत का येत नाहीस, असं मला अख्ख्या गावाने विचारलं होतं. बाईंनी ते विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "तू शाळेत असलीस की घरी काय होतं?"

माझा हुंदका फुटला. मायची शपथ गेली खड्ड्यात. "मी अठे उनू ते तो मायले मारी टाकी," मी म्हणाले. मी इथे आले की तिकडे तो मायला मारून टाकेल.

मला वाटलं होतं, बाई आता पोलीस आणतील, बापाला बेड्या घालतील. तसलं काही झालं नाही. त्या घरी आल्या आणि बापाशी खिचडीबद्दल बोलत बसल्या. मला इतका राग आला की मी चहाचा कप मुद्दाम लवंडला. बाई सांगत होत्या, शाळेची खिचडी शिजवणारी मदतनीस ऊसतोडीला गुजरातेत गेली आहे, तुमच्या घरचीला लावू, मानधन मिळेल. बापाने मिशीवरून हात फिरवला. पैशाला तो कधी नाही म्हणत नसे.

मग मला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि मी दोघी शाळेत चालत गेलो. बाईंनी माझी जागा बदलून खिडकीशी दिली. तिथून खिचडीची शेड दिसायची. पाढे म्हणता म्हणता मी मान वळवायचे, माय तांदूळ निवडत असायची. माझं पोट दुखायचं थांबलं. कोणी औषध दिलं नाही, आणि मोठी माय मात्र वर्षभर सांगत राहिली, बघा, डागाने गुण आला.

संध्याकाळी घरी जे व्हायचं ते होतच होतं. पण मी तेव्हा तिथे असायचे. बाई मायला एकटीला गाठून म्हणायच्या, पोलीस ठाण्यात मी सोबत येते. माय मान हलवायची. "पोर मोठी व्हवू द्या, बाई."

पोर मोठी व्हायची वाट बापाने बघितली नाही. एका दुपारी तो पिऊन शाळेतच आला. घरी त्याच्यापुढे ताट वाढायला कोणी नव्हतं, एवढंच निमित्त. मला खिडकीतून नवी काठी आधी दिसली, मग तो. मी ओरडेपर्यंत त्याने मायचे केस धरून तिला चुलीवरच्या पातेल्यावर वाकवलं होतं. तिचा हात कोपरापर्यंत उकळत्या खिचडीत गेला. तिची किंकाळी मी आयुष्यभर ऐकत आले आहे. मी खिडकीतून उडी मारली आणि त्याच्या पोटरीला चावले. त्याने लाथ झाडली, माझा दात पडला. काठी मायच्या पाठीवर, खांद्यावर, मग डोक्यावर बसायला लागली. खिचडीच्या रांगेत उभी असलेली लहान पोरं ताटं टाकून पळाली.

बाई वर्गातून बाहेर आल्या. सातवीची ती चार पोरं व्हरांड्यात उभी होती, आणि त्यांना तर उचलायची बंदी होती.

"उचला याला," बाई म्हणाल्या.

पोरं व्हरांड्यातून खाली उतरली. मग दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. सवयीचं काम होतं, आणि दारूने त्याच्या पायांत बळ उरलं नव्हतं. बाप हवेत गेला. बनियन वर सरकलं, पोट उघडं पडलं, आणि त्याला ते झाकता येईना. "सोडा माले! सोडा!" तो रडायला लागला. पोरांनी पालखीचं गाणं म्हटलं नाही. त्यांनी त्याला फाटकाबाहेरच्या गटाराशी टाकलं आणि फाटक लावून घेतलं. मला फार बरं वाटलं. त्याचंही डोकं चौथऱ्यावर आपटलं असतं तर आणखी बरं वाटलं असतं, हेही लिहून ठेवते.

माय जळका हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसली. ती रडत नव्हती. दवाखान्यात चला म्हटलं तर उठत नव्हती, कारण दवाखान्याची वाट आमच्या घरावरून जायची, आणि बाप उठून तिकडेच गेला होता. बाईंनी पातेल्यातली खिचडी ओतून दिली आणि पोरांना वर्गात बसवलं. घंटा झाली, शाळा सुटली, फाटक रिकामं झालं.

"चल माय, घर जाऊत," मी म्हणाले. रोज मीच म्हणायचे.

माय जागची हलली नाही. तिने ओला हात पोटावर दाबून धरला आणि बाईंकडे बघितलं.

"मी घर जाऊ नही, बाई," ती म्हणाली. "मनं पोट दुखस."

बाईंनी स्कूटी काढली, मला पुढे उभं केलं, मायला मागे बसवलं, आणि घराकडे पाठ करून साक्रीच्या पोलीस ठाण्याचा रस्ता धरला.