मातीचे मणी

जनामामी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. सांगायला लाज वाटते, पण तोंडातला घास गिळून मगच मी "कधी?" असं विचारलं. मामी असती तर म्हणाली असती, "आदी चूळ भर, मंग रड." खर्डीजवळच्या तिच्या घरात हात धुऊन चूळ भरल्याशिवाय कुणाला काही खायला मिळत नसे. जावयालासुद्धा नाही.

पूर्वी तिथे असलं काही नव्हतं. आम्ही भाचेमंडळी सुटीत जायचो तेव्हा मामी ज्या चुलीवर भाकरी भाजायची, त्याच चुलीवर शिसं वितळवायची. मुरबाडकडून फुटक्या बॅटऱ्यांचं शिसं स्वस्तात यायचं. त्याचे मणी पाडून ते पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, वजन म्हणून लावायचे. मणी दोरीवर दाबून बसवायचा तो दातांनी, आणि दात चांगले पोरांचे, म्हणून ते काम आमचं. मी त्यात पटाईत. पाग फेकायला गेलो तेव्हा मात्र दोरी मनगटाला बांधलेली, त्यामुळे जाळ्यामागोमाग मीही पाण्यात. माझी अक्कल त्या मण्यांनीच खाल्ली, असं बायको अजून म्हणते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी या विनोदाची चव गेली. मामीची नात सुमी नुकती शाळेत जाऊ लागली होती. पोट धरून बसायची, शिकलेली अक्षरं विसरायची. मुंबईच्या इस्पितळात तिच्या रक्तात शिसं निघालं. उपचारांनी पोरगी सावरली. मामीने चुलीवरचं शिसं बंद केलं, खाण्याआधी हात धुऊन चूळ भरायचा दंडक घातला, मातीचे मणी भाजून पागाला लावले. मणी हलके, मासे कमी मिळू लागले, मामा करवादले, तिने ऐकलं नाही. पण वाडीतल्या बाकीच्या बायका-पोरांचं काय... हे विचारायला ती आरोग्य केंद्रात गेली. सोबत मी, शिकलेला भाचा, म्हणजे छत्री धरायला.

तिथले डॉक्टरसाहेब म्हणाले, "ही तपासणी कारखान्यातल्या कामगारांची असते. घरातल्या बायका कशात धरायच्या? कुणाला त्रास झाला तर आणा."

"पोर पडल्यावं रगात बघनार, सायेब? पडायच्या आदी का नाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीकडे.

पुष्कळ हेलपाट्यांनंतर शिबिर झालं. बॅनर, हार, फोटो. पोरांच्या बोटांना टोचलं, बायकांना लोहाच्या गोळ्या वाटल्या. शिसं तपासायची सोय त्यांनी आणलीच नव्हती. अंगात रक्त किती, तेवढंच पाहिलं आणि वाडीने रांधलेल्या कोंबडीवर ताव मारून, बोटं चाटत मंडळी निघाली.

मामी भांडी आवरताना म्हणाली, "शिसा दिसला असता तं काम करावा लागला असता ना."

मग शेवटपर्यंत ती घरोघर मातीचे मणी वाटत फिरली. दहाव्याला तेच साहेब आले, आता मोठ्या हुद्द्यावर. "मावशींमुळे इथल्या माता-बालकांची तपासणी झाली," असं चारचौघांत म्हणाले. सुमी सोडली तर त्या वाडीत आजवर कुणाच्याही रक्तातलं शिसं कुणी पाहिलेलं नाही. साहेबांची जीभ जराही अडखळली नाही. आम्ही त्यांना चहा दिला, याचीही मला किळस आली.

ते गेल्यावर ओटीवर बसलो. खुंटीला मामीचा पाग होता, त्याचा एक मणी सुटत आलेला. दोरी आवळावी म्हणून सवयीने तो दातांकडे नेला.

सुमी आता माझ्या खांद्याला लागते. दारातून म्हणाली, "काका, तोंडात नको."

"मातीचा आहे गो."

"असू दे. तांब्या तितं हाय. आदी चूळ भर."