डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सचा पेपर आणि पेजेचं टोप

माझ्या सासूबाईंना गप्प बसता येत नाही. ही तक्रार नव्हे. आमच्या पेडणे तालुक्यात ऊन फार असं म्हणावं, तसंच हे. त्या चुलीशी बोलतात, वासराशी बोलतात, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला "गो बाये, जरा दम घे" असं सांगतात. लग्न होऊन मी डिचोलीतल्या नार्व्याहून या घरात आले, तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, घरात पाहुणे आलेत.

मी इथल्या एका हायर सेकंडरीत कॉम्प्युटर शिकवते. नोकरी कंत्राटी, दरवर्षी जूनमध्ये जीव टांगणीला. मध्यंतरी वरून फर्मान आलं की आता पदव्युत्तर पदवी असेल त्यालाच ठेवणार. मग काय, चाळिशीला टेकलेली मी घरबसल्या शिकवणाऱ्या एका विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला बसले. वर्गातली बाकीची मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. ती मला 'मॅम' म्हणायची आणि अभ्यास सोडून सगळ्या बाबतीत माझा सल्ला घ्यायची. सासूबाईंनी मात्र गावात सांगून ठेवलं होतं, "आमची सून सतरावीक आसा." बारावीच्या पुढे बोटं मोजत गेलं की बरोबर सतरावीच येते, त्यामुळे मी कधी दुरुस्ती केली नाही.

सतरावी जवळजवळ झालीच होती. राहिला होता एकच लेखी पेपर, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स. म्हणजे पुष्कळ मशीन लांबलांब बसून एकमेकांच्या भरवशावर एकच काम करतात, ते कसं चालतं आणि कशाने बिघडतं, याचं शास्त्र. एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला हे वेगळं शिकवायची गरज नव्हती. पण विद्यापीठाला ते लेखी हवं होतं.

परीक्षा घरीच द्यायची, पण बंद खोलीत आणि एकटीने. लॅपटॉपचा कॅमेरा आपल्यावर. कुठल्या तरी लांबच्या शहरात बसलेला पर्यवेक्षक पडद्याच्या कोपऱ्यातून आपल्याला बघणार. दुसऱ्या कोणाचा आवाज आला किंवा आपण खुर्ची सोडली की ताकीद. तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद. कोणी खोलीत येऊन बोलायला लागलं तर ताकीदही नाही, सरळ रद्द.

पहिल्या खेपेला तो सरळ रद्द झाला. मी लिहीत होते आणि सासूबाई कोकमाचं सरबत घेऊन आत आल्या. मी डोळे मोठे केले, हात हलवला. त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तरुण मुलावर गेली. तो टाय लावून ताठ बसला होता.

"हो कोण गो? ड्युटीर आसा?" असं मला विचारून, उत्तराची वाट न बघता त्या थेट त्याच्याशीच बोलायला लागल्या. "दुपार झाली रे झिला. जेवलस काय?"

मुलगा चांगल्या घरचा असावा. त्याला काय विचारलं ते शब्दाने कळलं नसेल, पण सुराने कळलं. "नहीं माताजी, अभी नहीं," म्हणाला. मग त्यांनी त्याचा गाव विचारला, घरी आई कशी आहे ते विचारलं. त्याने बिचाऱ्याने दोन्हींची उत्तरं दिली आणि नंतर कर्तव्य म्हणून माझा पेपर रद्द केला.

संध्याकाळपर्यंत सासूबाई हळहळत होत्या, "उपाशी बसयल्यानी गो त्याका!" माझ्या पेपराचं काय झालं हे त्यांना रात्री जेवताना नवऱ्याने सांगितलं. माझा नवरा म्हापशाच्या बसवर ड्रायव्हर आहे आणि वाईट बातमी देताना गाडीसारखाच एकदम ब्रेक लावतो. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वासराशीही बोलल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की त्यांना किती लागलंय. मला त्यांचा राग आला होता, तो त्या मुक्या वासराकडे बघून गेला.

जूनच्या आधी आता एकच संधी होती, एप्रिलमधली. ती गेली की नोकरी गेली.

या वेळी बंदोबस्त सासूबाईंनी स्वतःकडे घेतला. शेजारच्या काकूने मिक्सर लावायचा नाही. कोंबडा टोपलीखाली. कुत्रा नणंदेकडे. मोरजीहून स्कूटरवर मासे घेऊन येणारी बाई रोज अकराच्या सुमारास आमच्या वाड्यावर येते आणि तिचा हॉर्न सावंतवाडीपर्यंत ऐकू जात असावा. तिला आदल्या दिवशीच सांगितलं, "फाल्या आमच्या दारात हॉर्न नको." का, ते मात्र कोणालाच सांगितलं नाही. पुन्हा काही बिनसलं तर सुनेला लोक बोलतील, म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली, आणि सगळं रामायण त्यातून झालं.

सकाळी दहाला मी दार लावलं, जनेल लावलं आणि बसले. सासूबाई बाहेर पायरीवर. तोंडातून शब्द काढणार नाही, असं देवाला सांगून बसल्या होत्या. या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात कोणी मुलगा नव्हता. मशीनच बघणार, मशीनच ऐकणार, असा नवा नियम आला होता.

घर इतकं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं. लेखणी सुरेख चालली होती, म्हणजे बोटं. चौथा प्रश्न तर माझ्या आवडीचा निघाला. अनेक मशीनपैकी एक मशीन उत्तर देईनासं झालं, तर ते बंद पडलं हे इतरांनी कसं ठरवावं? त्याची रीत अशी की प्रत्येक मशीनने ठरावीक वेळाने 'मी आहे, मी आहे' असा निरोप इतरांना पाठवत राहायचं. निरोप थांबला की बाकीचे समजतात, गेलं. यातली गोम हीच की गप्प झालेलं आणि गेलेलं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मी हे अगदी रंगात येऊन लिहीत होते. तेवढ्यात बाहेर अंगणात कदेलं, म्हणजे आमच्याकडच्या खुर्च्या, ओढल्याचा आवाज आला आणि पडद्यावर पहिली ताकीद उमटली.

मी मनात म्हटलं, आल्या असतील कोणी बाया. लिहीत राहिले. मग मोटरसायकली थांबल्याचा आवाज आला. एक, मग आणखी. हॉर्न कोणाचाच नाही, बोलणं कोणाचंच नाही. आमच्या अंगणात माणसं येतात आणि बोलत नाहीत, असं कशाला होईल? माझी बोटं मंदावली.

मग कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली. दुसरी ताकीद.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर म्हापशाचा रस्ता आला. करासवाड्याचा चढ, समोरून येणारे ट्रक, आणि नवऱ्याची बस. सकाळी जाताना तो "नीट लिही" म्हणाला होता आणि मी पुस्तकातून मान वर केली नव्हती. पडद्यावर वेळ उरला होता, शेवटचा मोठा प्रश्न उरला होता. उठले तर तिसरी ताकीद, तिसरी ताकीद म्हणजे पेपर बंद, आणि जूनमध्ये घरी. मला हे सगळं नीट कळत होतं. बाहेर ती बाई पुन्हा रडली आणि मी खुर्ची ढकलून दार उघडलं.

अंगण माणसांनी भरलं होतं. वाड्यावरचे पुरुष टोप्या, हेल्मेटं मांडीवर घेऊन माना खाली घालून बसले होते. शेजारची काकू भलंमोठं टोप घेऊन उभी होती. तुळशीकडे जमिनीवर बसून रडत होती ती मोरजीची मासेवाली. बांगड्याच्या भावावरून रोज माझ्याशी हुज्जत घालणारी, मला 'कंजूस मास्तरीण' म्हणणारी.

"कोण गेलं?" मी ओरडले.

"आवय गे!" मासेवाली किंचाळली आणि टोपलीवर आदळली. दोन पुरुष उठून मागे सरले. माझ्याकडे बघून काकूने टोप खाली ठेवलं आणि हात जोडले.

घाबरल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई. त्या पायरीवरून उठल्या, एक बोट ओठांवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने मला आत ढकलायला लागल्या. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर राग. जा, लिही! पण शब्द नाही. त्यांचं व्रत चालूच होतं.

झालं होतं असं. मासेवाली हॉर्न न वाजवता, स्कूटर ढकलत दारात आली आणि म्हणाली, "सगळा बरा मगो?" सासूबाईंनी बोट ओठांवर ठेवलं, माझ्या बंद दाराकडे दाखवलं, आणि पेपर चांगला जाऊ दे म्हणून वर आकाशाकडे हात जोडले. ते जोडताना डोळे भरून आले. याचा दुसरा कुठलाही अर्थ निघत असेल तर मला सांगा. शिवाय वेळ विचारली तरी तीन पिढ्यांची हकिगत सांगणारी ही बाई बोलतच नव्हती. आणखी पुरावा तो कसला हवा? मासेवालीने पुढच्या घरी सांगितलं. मासेवालीने सांगितलं की ते तालुक्याला कळतं. जो आला त्याने विचारलं, आणि प्रत्येकाला सासूबाईंनी तेच उत्तर दिलं. बोट, दार, आकाश.

"माझा पेपर आसा!" मी म्हटलं.

"पेपर?" काकू म्हणाली. "कसलो पेपर?"

"सतरावीचो."

आत गेले तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं की पेपर बंद झाला आहे, तोपर्यंतची उत्तरं पाठवली आहेत, प्रकरण समितीपुढे जाईल, कारण कळवावे. मी खुर्चीत बसले आणि रडले, कारण आता रडायला कोणाची हरकत नव्हती. बाहेर पुन्हा शांतता झाली. या वेळी ती माझ्यासाठी होती आणि कोणी सांगून केलेली नव्हती.

मग भूक लागली. ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, म्हणून काकूने उकड्या तांदळाची पेज करून आणली होती. माझ्या नावाची पेज मी तोराच्या, म्हणजे कोवळ्या कैरीच्या, लोणच्याबरोबर दोन वाट्या खाल्ली. चांगली झाली होती. मासेवालीने बांगडे तसेच देऊन टाकले, वर म्हणाली, "आज भाव करू नको, आज माका सोसुचा नाय." उद्यापासून ती आणि मी पुन्हा तशाच, हे दोघींनाही ठाऊक होतं.

कोणीतरी नवऱ्याला फोन केला होता. तो कंडक्टरच्या स्कूटरवरून आला, चेहरा पांढराफटक, आणि मी सोप्यावर बसून पेज खाते आहे हे बघून माझ्यावरच भडकला. "फोन कित्याक उचलंक नाय?" म्हणून ओरडला. मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. फोन परीक्षेच्या नियमाप्रमाणे कपाटात होता. मी ते त्याला त्या वेळी सांगितलं नाही, बाहेर उभी राहून नुसता टॉवेल धरला.

माणसं चहा पिऊन गेली. सासूबाई अजून पायरीवरच होत्या, ओठ मिटून. संपलं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"आई, झाला. आता बोला," मी म्हटलं.

मला वाटलं, पेपराचं विचारतील. त्या म्हणाल्या, "आज कोण होतो गो बघूक? जेवन-बिवन झाला त्याचा?"

"आज माणूस नाय होतो, आई. मशीनच बघत होता."

"कोणच नाय? मगे इतको वेळ तू भितर एकटीच होतंस?"

मी 'होय' म्हणाले, आणि मला माझ्याच आवाजाचं वाईट वाटलं.

"आमी इतकी जणां बाहेर," त्या म्हणाल्या, "आणि तू एकटीच." पेपर गेल्याचं दुःख त्यांना झालंच, पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी त्यांना एवढंच सलत होतं.

समितीला मी इंग्रजीत कळवलं की माझं निधन झाल्याचा शेजाऱ्यांचा समज झाला होता. असं कारण त्यांना याआधी कोणी दिलं नसणार. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात रडणं होतं, उत्तर सांगणारं कोणी नव्हतं. लिहिलं होतं तेवढं त्यांनी तपासलं, आणि तेवढ्यात मी पास झाले. आवडत्या प्रश्नाला मार्क चांगले पडले असावेत.

मग राहिली प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. पुन्हा तोच लॅपटॉप, तेच बंद दार, पण या वेळी पडद्यावर दोन परीक्षक. वाड्यावर सगळ्यांना कारण सांगून झालं होतं, त्यामुळे मिक्सर चालू होता आणि मासेवालीने हॉर्नही वाजवला. सासूबाई दाराबाहेर पाट टाकून बसल्या होत्या. मी माझा प्रोग्रॅम समजावून सांगत होते, आणि मध्येच बाहेरून एक खोकला आला. खोकला झालेला नसताना काढतात तसा.

मीही खोकले.

ठरावीक वेळाने तो पुन्हा आला. मी पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा परीक्षकबाईंनी विचारलं, पाणी घ्यायचंय का, दोन मिनिटं थांबूया का. मी म्हटलं, "नको मॅडम, मी बरी आहे. विचारा पुढे."