शुक्रान्याचा अर्थ

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेली नाही — बायकोला नाही, भावाला नाही, देवीच्या समोर उभं राहून देवीलाही नाही. वाक्य भारदस्त झालं खरं. पण मला ती कधी कोणी विचारलीच नाही, हेही तितकंच खरं आहे. आणि देवीचं म्हणाल तर आमचं घराणं तुळजापूरचं. देवीच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं तिच्याशी कामापुरतंच बोलतात.

तर — आधी दिगंबररावांबद्दल सांगतो. स्वतःबद्दल सांगायचं ठरवलं की आधी दुसऱ्याबद्दल बोलायचं, ही माझी जुनी खोड आहे. ती तुमच्या लक्षात येईलच.

दिगंबरराव धाराशिवच्या कोर्टातले नावाजलेले वकील. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, उर्दूतूनच युक्तिवाद करणारे. पुढं राज्य बदललं, निवडणुका आल्या, ते निवडून आले, आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. रस्ते, शाळा, दवाखाने, सगळं तेव्हा बोर्डाच्या हातात. माणूस काम करणारा होता, हे मी आज कबूल करतो. बेंबळीकडच्या खेड्यांत त्यांनी शाळांवर पत्रे घातले, विहिरी बांधून घेतल्या. पण थाट फार. जीपमधून उतरताना आधी काठी खाली टेकायची, मग पाय. काठीची गरज काहीच नव्हती. हार घालून घेताना डोळे मिटून घ्यायचे — मूर्तीसुद्धा इतकं करत नाही. आणि प्रत्येक भाषणात एक ठरलेलं वाक्य: "वकिलीचा कोट मी खुंटीला टांगला आहे. आता जनता हेच माझं अशील." टाळ्या पडायच्या. मी शेवटच्या बाकावर बसून मनात म्हणायचो, ठीक आहे, पण कोट खुंटीला टांगला म्हणजे खिसे रिकामे केले असं नाही.

मी कोण? मी धाराशिवच्याच सरकारी शाळेतला मास्तर. माझंही शिक्षण उर्दूतून झालेलं, फारसीही बरी यायची. राज्य बदललं आणि माझी विद्या बघता बघता अडगळीत गेली. घरात बोलायची मराठी वेगळी आणि परिपत्रकातली वेगळी. ज्या पोरांना मी शिकवत होतो त्यांच्या पुस्तकातून मी 'अधीक्षक' आणि 'अधिकारी' यांतला फरक चोरून शिकलो. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण ते सगळ्यांचंच झालं होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मग एका सव्वीस जानेवारीला दिगंबरराव आमच्या शाळेत पाहुणे म्हणून आले. त्यांना हार घालायला हेडमास्तरांनी मला पुढं केलं. मी हार घातला. त्यांनी डोळे मिटले, उघडले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कर्ण्यात म्हणाले, "हे आमचे मास्तर लई विद्वान बरं का. फक्त यांची विद्या उजवीकडून डावीकडं चालते, आणि सरकार आता डावीकडून उजवीकडं चाललंय."

मैदानभर हशा. विनोद चांगला होता — दुखणं तेच होतं. वाईट विनोद माणूस विसरतो. शिवाय तो त्यांच्या स्वतःवरही होता; ते कुठं दुसऱ्या बाजूनं शिकले होते? पण लोक त्यांना हसले नाहीत, मला हसले. दुसऱ्या दिवसापासून पोरं मला 'उलटे मास्तर' म्हणायला लागली. मग शिक्षकही. एकदा तर शिपाई हजेरीपट घेऊन आला तो उलटा धरून माझ्यासमोर ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुमाला सोपं जावं म्हून, सर."

एवढ्यावरून? — असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. एवढ्यावरूनच.

पुढं काय झालं ते सांगतो. गावाबाहेर एका शेटजींची शेंगांच्या तेलाची गिरणी होती. तिच्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर बोर्डानं खडी टाकली. कोणीतरी वर तक्रार केली, की दर दिवाळीला गिरणीतून अध्यक्षांच्या घरी पैसे जातात. पैसे जात होते. ते काही गुपित नव्हतं. शेटजींचा माणूस भर दुपारी, मिठाईच्या टोपलीसह जायचा. चौकशी लागली. पुण्याकडचे एक साहेब आले — तरुण, सरळ, चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पिणारे. त्यांना उर्दू येत नव्हती. गिरणीचे जुने मुन्शी करीमसाब, ज्यांच्या हातून पैसे जायचे, त्यांची साक्ष दखनीतच होणार होती. म्हणून दुभाष्या हवा होता. कोणत्याही बाजूचा नसलेला. गावात असा माणूस शोधायला गेले आणि मी सापडलो.

त्या दिवशीची खोली मला अजून दिसते. साहेब, त्यांचा लेखनिक, बाजूला दिगंबरराव काठीवर दोन्ही हात ठेवून, समोर करीमसाब. आणि मी बोलायला तोंड उघडलं की सगळे गप्प. कितीतरी वर्षांनी माझी उर्दू कोणाला तरी हवी होती. खोटं कशाला बोलू — मला फार बरं वाटलं.

साहेबांनी विचारलं, पैसे कशाबद्दल दिले जात? मी करीमसाबना विचारलं. ते म्हणाले, "शुक्राना था साब. और क्या?" त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. एका शब्दात सगळं मिटलं, असं त्यांना वाटलं असावं.

"शुक्राना म्हणजे?" साहेबांनी मला विचारलं.

"शुक्र म्हणजे आभार," मी म्हणालो. "शुक्राना म्हणजे उपकाराची फेड."

यात चूक काढून दाखवा. कोशात बघा. सापडणार नाही. लेखनिकानं शब्द लिहून घेतला, आणि त्या क्षणी खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो खडीचा रस्ता आला असणार.

पण शब्दाचा अर्थ कोशात असतो तेवढाच असतो का? आमच्याकडच्या कोर्टात वकिलाला खटल्याआधी देतात तो मेहनताना, आणि खटला जिंकल्यावर अशील खुशीनं देतो तो शुक्राना. उघड, चारचौघांत, नारळासकट. गिरणीच्या जागेचा वाद दिगंबररावांनी अध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी लढवला आणि जिंकला होता. शेटजींचा हात तेव्हा अडलेला, म्हणून शुक्राना थोडा थोडा देऊ म्हणाले. तो दर दिवाळीला येत राहिला. मधल्या काळात वकीलसाहेब अध्यक्ष झाले, कोट खुंटीला गेला, भाषणातलं ते वाक्य तयार झालं — आणि त्या वाक्यामुळं त्यांना हे पैसे येतात असं चारचौघांत सांगता येईना. चूक त्यांची होतीच. पैसे थांबवायचे होते, नाहीतर वाक्य. पण ती लाच नव्हती.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी फक्त शब्दाचा अर्थ सांगितला, रीत कोणी विचारली नाही म्हणून सांगितली नाही — वर्षानुवर्षं मी स्वतःशी इथंच येऊन थांबत आलो. इथं थांबलं की बरं पडतं. पण इथं थांबलो तर मी कबुली देत नाही, स्वतःचं वकीलपत्र घेतोय.

कारण रीत विचारली होती.

दिगंबरराव उठून उभे राहिले. भाषणाचा आवाज नव्हता तो. साधेपणानं त्यांनी साहेबांना शुक्रान्याची पद्धत समजावून सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या शब्दाचा अर्थ काय निघतो यात आपला हितसंबंध आहे. दुभाष्याचा नाही." मग माझ्याकडं वळले. "मास्तर, अशी काही रीत होती? तुमच्या माहितीत?"

दिगंबरराव खाली बसले. निवांत बसले. खुर्चीला टेकून, काठी बाजूला ठेवून — आता काही काळजी नाही, असा माणूस बसतो तसे. का, ते सांगतो. आमच्या तुळजापूरच्या घरावर एकदा चुलत्यांनी दावा लावला होता. आबांचा — माझ्या वडिलांचा — खटला दिगंबररावांनीच चालवला. घर वाचलं. निकालानंतर शुक्राना घेऊन त्यांच्या घरी मीच गेलो होतो. पंच्याच्या घडीत पैसे आणि वर नारळ. त्यांनी नारळ तेवढा घेतला, पैसे माझ्या हातात परत दिले आणि म्हणाले, "तुमच्या आबांना सांगा, शुक्राना पोचला."

तर साहेब विचारत होते, अशी रीत तुमच्या माहितीत आहे का.

"माझ्या माहितीत नाही," मी म्हणालो.

आवाज थरथरला नाही. शब्द अडला नाही. उलट मराठी इतकी स्वच्छ निघाली की मलाच नवल वाटलं. दिगंबरराव माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. हुशार पोरानं सोपं गणित चुकवल्यावर आपण बघतो ना, तसे — हे असं कसं झालं, म्हणून. ते साहेबांना आमच्या घराचा खटला सांगू शकले असते. नारळ सांगू शकले असते. ते एक अक्षर बोलले नाहीत. आपण एखाद्यावर केलेला उपकार भर खोलीत काढून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटलं असेल का? इतका थाटाचा माणूस, आणि नेमका तिथं त्याला थाट करता आला नाही.

करीमसाबना मराठी बोलता येत नसे, पण कळायची चांगली. तेही बोलले नाहीत. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांच्यासारख्या माणसानं सरकारी खोलीत आपणहून तोंड उघडावं असे ते दिवस नव्हते, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेर व्हरांड्यात ते चपला घालत होते. मी शेजारी उभा. मान वर न करता म्हणाले, "लफ्ज का मानी तो बराबर बोले, मास्टरसाब. अल्ला सलामत रखे." आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी आजवर विसरलो असतो.

महिन्याभरात दिगंबररावांनी राजीनामा दिला. खरं सांगितलं असतं तर ते वाचले असते का? कदाचित तरीही गेले असते. त्या वाक्यानं त्यांना सोडलं नसतं. पण मग ते बोलघेवडा माणूस म्हणून गेले असते, लाचखाऊ म्हणून नव्हे. या दोन्हींत किती अंतर आहे ते त्यांच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी गावाला कळलं — ठरलेली सोयरीक मोडली. हार घालणारे लोक रस्ता ओलांडून जायला लागले. त्यांनी कोट खुंटीवरून काढला, पण कोर्टात आता त्यांची उर्दू कोणाला नको होती, आणि नवी भाषा शिकायचं वय राहिलं नव्हतं. बेंबळीकडच्या शेतावर राहायला गेले.

आबांना बातमी कळली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "शुक्राना घेतला तर त्यात काय झालं रे? आपण दिला न्हाय का? मी जातो धाराशिवला, सांगतो साहेबाला."

"कायदा बदललाय, आबा," मी म्हणालो. "आता उपयोग नाही."

ते माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसले. शिकलेला मुलगा होतो.

दिगंबरराव नंतर एकदाच भेटले, बस स्टँडवर. काठी आता खरंच लागत होती. मला बघून थांबले. "आबा बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बरे आहेत. "घराचं पावसाळ्याच्या आत बघून घ्या. मागची भिंत तेव्हाच ओली होती," असं म्हणून ते गाडीकडं गेले. मी तेव्हा सांगू शकलो असतो. गाडी सुटायला वेळ होता. मी पेपर उघडून धरला.

पुढं दिगंबरराव वारले. साहेब गेले, करीमसाब गेले, आबाही गेले. मी तेव्हा तरुण होतो, दुखावलेला होतो, असं काही मी म्हणणार नाही. मला रीत माहीत होती, आणि मी माहीत नाही म्हणालो.

दुभाष्याच्या त्या कामाचा भत्ता मला पुढच्या पगाराच्या सुमारास मिळाला, आणि मी तो घेतला. सरकारी शिक्षकानं नोकरीबाहेरच्या कामाचे पैसे घेण्याआधी लेखी परवानगी काढायची असते. मी काढली नव्हती.