मालकांच्या टिकलीशेजारी

आरशावर बायकोने चिकटवलेली लाल टिकली दिसली की माझं अजून डोकं फिरतं. शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत तेव्हा वाळूच्या साच्यात ओतलेल्या कास्टिंगला भोकं पडत होती, माल परत येत होता, म्हणून मालकांनी पुण्याहून ट्रेनर बोलावला. जळक्या वाळूच्या वासात आम्ही वीस जण, कामगार, माझ्यासारखे सुपरवायझर आणि मालकही, गोल करून बसलो. "कुठलीच कल्पना वाईट नसते," म्हणत त्याने रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. वाळूचे साचे भरणारे आमचे जुने मोल्डर काका चिठ्ठी न घेताच ओरडले, "वाळू ओली हाय, म्हणून भोकं पडत्यात की! छपराचा पत्रा गळतोय, कवापास्नं सांगतोय!" ट्रेनर हसला, "काका, आत्ता चर्चा नाही, फक्त लिहायचं." मग त्यांचं म्हणणं मीच लिहून भिंतीवर लावलं. दोन तासांत भिंत भरली. मत द्यायला शाहूपुरीच्या बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली होती, प्रत्येकाला एकच टिकली. पण जो तो मालकांकडे बघत बसला. मालकांनी उठून 'कामगारांना रोज सकाळी योगा' या चिठ्ठीवर आपली टिकली लावली, आणि बघता बघता तिथे एवढ्या टिकल्या झाल्या की अक्षरंच दिसेनात. वाळूच्या चिठ्ठीवर एकटी काकांची टिकली. "साहेब, तुमी तर सकाळीच वाळू मुठीत दाबून बघितलीसा की," काका मला हळूच म्हणाले. योगा महिनाभर चालला, भोकं पडतच राहिली. त्या ट्रेनरला चार शिव्या हासडाव्यात असं आजही वाटतं, पण समोर आरसा असतो, आणि मालकांच्या टिकलीशेजारची पहिली टिकली माझी होती.