परब आणि टेकडीवरचं वळण

पहिल्याच दिवशी परबांनी माझ्या डोक्यावरून एक यंत्र भिंतीवर फेकलं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या कंपनीत मी नुकतीच रुजू झाले होते, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. डब्याएवढं ते यंत्र धाडकन आपटलं, एक कोपरा चेपला, पण आतल्या बॅटरीवरचा हिरवा दिवा पेटता राहिला. परब वाकून म्हणाले, "जगला. आता रस्त्यार घाला." मग माझ्याकडे वळून, "नवी काय गो तू? घाबरलंस? घाबर. घाबरलेलो माणूस काम बरा करता."

ते यंत्र अ‍ॅम्ब्युलन्ससाठी होतं. आतल्या पेशंटचा ईसीजी आणि चेहरा इस्पितळातल्या डॉक्टरला वाटभर दिसत राहायला हवा. उभ्या गाडीत ते सोपं असतं. गाडी पळू लागली की नेट एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातं, आणि त्या अदलाबदलीत चित्र थिजतं. परबांचं सगळं भांडण त्या थिजलेल्या क्षणाशी होतं. "दुसरो हात गावल्याबिगर पयलो सोडू नको!" असं ते यंत्रालाच ओरडून सांगत, शिव्यांसकट. रागात त्यांनी कीबोर्ड फोडले, खुर्च्या लाथाडल्या. मुलुंडला चाचणीच्या फेरीत एका मोटारवाल्याने आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही म्हणून उतरून त्याच्या गाडीचा आरसा उपटून काढला. मी म्हटलं, "सर, आपली गाडी रिकामी आहे." तर म्हणाले, "ता त्येका काय म्हायत?"

सगळीकडे जमलं, पण घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतलं एक वळण काही ऐकेना. तिथे डोंगराच्या आडोशाने जुना टॉवर अचानक नाहीसा व्हायचा आणि नवा सापडेपर्यंत पडदा काळा. आम्ही सकाळपासून तिथेच फेऱ्या मारत होतो. ड्रायव्हर कांबळे पुढे, मी आणि परब मागे लॅपटॉप घेऊन. त्या आठवड्यात लोकांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता की अ‍ॅम्ब्युलन्समधून पोरं पळवतात. आम्हाला पत्ताच नव्हता. काळ्या काचा, रिकामं स्ट्रेचर, वायरींचा गुंता आणि पुन्हा पुन्हा तीच गल्ली. भर दुपारी कुणीतरी हातगाडी आडवी घातली.

कांबळेंना लोकांनी खिडकीतूनच बाहेर ओढलं. मागचं दार उघडलं आणि एकजण ओरडला, "बाई पण आहे बघ आत! पोरं धरायला बाईच ठेवतात हे!" माझे केस कुणाच्या तरी मुठीत गेले. डोकं दाराच्या चौकटीवर आदळलं. परब मध्ये घुसले. "पोरीक हात लावलास तर..." वाक्य पुरं झालं नाही. लोखंडी सळई त्यांच्या तोंडावर बसली. तो आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा होता. रक्ताने एक डोळा भरलेला असतानाही त्यांनी त्या सळईवाल्याची मान धरली आणि त्याचं तोंड दारावर आपटलं. त्याचे पुढचे दात पायरीवर पडलेले मी पाहिले. मग सगळे परबांवर तुटून पडले. ते माझ्यावर आडवे झाले होते. प्रत्येक लाथ त्यांच्या अंगातून माझ्यापर्यंत पोचत होती.

पोलीस आले तेव्हा गाडी जळत होती. कांबळेंच्या बरगड्या मोडल्या, माझा हात मोडला, परबांचा उजवा डोळा गेला.

ओळख परेडला परबांनी सळईवाल्याला क्षणात ओळखलं. मागाहून कुणी म्हणालं, बायको-पोरं आहेत त्याला, अफवेने भडकला होता. परब म्हणाले, "भडकलो आसात. सळी पण त्येनाच मारली."

मालकांनी सांगितलं, ते वळण सोडून द्या. परब डोळ्यावर पट्टी बांधून कामावर आले होते. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "थंय माणसां रवतत. त्येंका ॲटॅक इलो तर गाडी त्याच वळणार येतली. आणि थंयच डॉक्टर आंधळो झालो तर?" कांबळेंनी पुन्हा तिथे जायला साफ नकार दिला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. परबांनी यंत्राला वळणाच्या आधीच पलीकडचा टॉवर धरायला शिकवलं. मग नवी गाडी आणि नवा ड्रायव्हर घेऊन आम्ही निघालो.

वळणावर एक बाई गाडीसमोर उभी राहिली. सळईवाल्याची बायको. परब उतरताच ती त्यांच्या शर्टावर थुंकली. "माझ्या नवऱ्याला आत टाकलंस. आता काय न्यायला आलास?"

मला वाटलं, आता हे हात उचलणार. परबांच्या मुठी वळल्या, मानेच्या शिरा फुगल्या. मग शक्य तितक्या शुद्ध भाषेत ते म्हणाले, "तुमच्या गल्लीत नेट तुटतं. ते जोडायला आलोय. बाजूला व्हा."

ती हलेना. मी उतरून, प्लास्टरमधला हात पुढे धरत, तिला गाडी कशासाठी आहे ते सांगितलं. तिने हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पण बाजूला झाली. गाडी वळणावरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पडद्यावरचं चित्र एकदाही थिजलं नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," परब म्हणाले.

"मग परत तोंड दाखवू नकोस."

त्यांनी दाखवलं नाही. उरलेल्या डोळ्याला लॅपटॉपचा पडदा सोसेना, तेव्हा नोकरी सोडून ते मालवणजवळ गावी गेले. मी अधूनमधून फोन करते. परवा धीर करून विचारलं, "सर, त्या माणसावरचा राग गेला का हो?"

 

"डोळो गेलो गो," ते म्हणाले. "राग आसा थंयच."